चित्रकाराने ठरवावं

विल्फ गार्साइडची सही पुसणं हा माझ्या नोकरीचा भाग होता. ‘रॅम्पार्ट’ साप्ताहिकात कुणाचंही नाव छापायचं नाही, चित्रकाराचं नाही आणि लेखकाचंही नाही, असा कंपनीचा नियम. पोरांना वाटलं पाहिजे की चित्रकथेतला सार्जंट हॉबडे खरोखरच कुठेतरी लढतोय आणि त्याची बातमी दर सोमवारी कोपऱ्यावरच्या दुकानात येते. निदान वरचे साहेब असं सांगायचे. खरं कारण असं की नावं कळली की दुसऱ्या साप्ताहिकांची माणसं आमची माणसं पळवायची. विल्फ तरीही रणगाड्याच्या चाकाखाली किंवा दगडाच्या भेगेत मुंगीएवढी आद्याक्षरं दडवायचा आणि मी पांढऱ्या रंगाचा ब्रश घेऊन ती हुडकायचो.

“पॅस्को, या आठवड्यात कुठं होतो मी?” भेटला की पहिला प्रश्न हा.

“उंटाच्या नाकपुडीत.”

“हात्तिच्या! तिथं तर माझ्या बायकोलाही सापडलो नसतो.”

आमची कचेरी लंडनात, फ्लीट स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर. मी तिथे चित्रांमधले फुगे भरायचो. म्हणजे पात्रांच्या तोंडून निघणारे ते गोल, त्यांत सुबक अक्षरं लिहायची, चुकलेली बंदूक नीट करायची, रक्त दिसलं की त्याचा चिखल करायचा. रॅम्पार्ट सुरू झालं ते दुसऱ्या महायुद्धाच्या कितीतरी आधी. तेव्हा त्यात चित्रं नव्हतीच. बारीक छपाईच्या भरगच्च स्तंभांतून शाळेतल्या खोड्या, जंगलं, चाचे असं सगळं असायचं. लढाईत कागदाची टंचाई आली आणि अंक रोडावला. लढाई संपली तशी पोरांना वाचायचं नव्हतं, बघायचं होतं. आमचे संपादक मि. टॉलिस हे त्या जुन्या छपाईच्या जमान्यातले. चित्रांची पानं हातात घेताना त्यांचा चेहरा शिळी मासळी नाकाशी आल्यासारखा व्हायचा.

पण अंक चालायचा तो चित्रांवर. मागच्या पानावर एक कूपन असायचं. त्यावर पोरांनी आपल्या आवडत्या तीन कथा लिहून पाठवायच्या. ज्या कथेला कमी मतं, ती मरायची. आम्ही तसंच म्हणायचो. “ध्रुवावरचा पहारा गेला रे.” “कधी?” “काल. मि. टॉलिसनी स्वतःच्या हातानं मारला.” विल्फची ‘हॉबडेचे पाच’ ही कथा मात्र वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर. एक सार्जंट आणि त्याचे चार जवान, सहाराच्या वाळवंटात. तिचा एकच कायदा होता, तोही मि. टॉलिस यांचा.

“आपल्या पाचांतला कुणी मरत नाही. गोळी लागलीच तर दंडाला. पुढच्या आठवड्यात पट्टी, त्याच्या पुढच्या आठवड्यात पट्टीही नाही.”

विल्फ मूळचा यॉर्कशरचा, हॅलिफॅक्सच्या गिरणीत लोकर विंचरणाऱ्याचा मुलगा. माणूस दारातून आत यायला वाकावं लागेल एवढा उंच, आणि हात मात्र बाईसारखे मऊ. लढाईत तो इटलीत होता. परत आल्यावर बायकोच्या, आयव्हीच्या, आत्याचं घर मिळालं म्हणून केंटच्या किनाऱ्यावर हर्न बे गावी राहायला गेला आणि तिथून पानं टपालानं पाठवू लागला. महिन्यातून एकदा लंडनला यायचा, आम्हाला बिअर पाजायचा. लढाईबद्दल कधी चकार शब्द नाही. मला एवढंच जाणवलं होतं की तो मेलेला माणूस समोरून काढत नाही. जर्मन पडायचे ते पालथे. पाठ दिसायची, हेल्मेट दिसायचं, चेहरा कधीच नाही.

कथा लिहायची कोण, ते विल्फला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. टंकलेला मजकूर पाकिटातून यायचा, खाली ‘एम. एच.’ एवढंच. लेखकाची आणि चित्रकाराची गाठ पडू द्यायची नाही, हाही कंपनीचा नियम. दोघं भेटले की पगारवाढ मागतात, असं मि. टॉलिस म्हणत. लष्करातली भाषा इतकी अचूक असायची की आम्ही त्या लेखकाला ‘मेजर’ म्हणायचो. त्याला आम्ही पांढऱ्या मिशा दिल्या होत्या, एक लाकडी पाय दिला होता आणि एक चिडखोर कुत्राही.

१९६२च्या वसंतात मेजरनं पाचांमधला एक जवान आजारी पाडून घरी पाठवला आणि त्याच्या जागी नवा आणला. मजकुरात लिहिलं होतं: ‘निपर. वय एकोणीस. हसरा. बाकी चित्रकाराने ठरवावं.’ विल्फची पानं आली. फुगे भरताना मी थबकलो. एरवी विल्फचे जवान म्हणजे चौकोनी हनुवटीचे, एका साच्यातून काढलेले. हा तसा नव्हता. एक कान जरा बाहेर आलेला, डावी भुवई मधोमध चिरलेली, जुन्या व्रणानं दोन तुकडे झालेली, आणि हसताना ओठ एकाच बाजूला वर जायचा. कागदावरून कुणी आपल्याला ओळखल्यासारखं बघावं, तसा तो बघत होता.

पान छापून दुकानात यायला दोनेक महिने लागत. अंक आला त्या आठवड्यात विल्फ लंडनला आला होता. दारूच्या गुत्त्यात मी त्याच्यासमोर अंक टाकला.

“काय रे, हा कोण? मेव्हणा की काय तुझा?”

“कोण?”

“निपर. ही भुवई कुणाची चोरलीस?”

त्यानं अंक उचलला, खिडकीजवळ नेला.  परत आला तेव्हा त्याचा ग्लास त्यानं उचललाच नाही.

“मी असा काढला?” तो म्हणाला.

“मग काय मी काढला?”

“पॅस्को, आता त्याचा चेहरा बदलता येईल का? हळूहळू? कुणाला कळणार नाही असा?”

मला ती थट्टा वाटली. पण तो दुसऱ्याच दिवशी मि. टॉलिसना भेटला. मि. टॉलिसनी त्याच्यासमोर पत्रांचा ढीग ओतला. पोरं निपरवर लट्टू होती. ‘निपरला मेडल द्या’, ‘निपरला कुत्रा द्या’. चेहरा बदलायचा प्रश्नच नव्हता.

त्यानंतर मेजरचं लिहिणं बदललं. उन्हाळा सरता सरता हॉबडेचे पाच अचानक जहाजात बसले आणि इटलीला उतरले. मि. टॉलिस करवादले, “पोरांना वाळू आवडते, चिखल कुणाला हवाय?” पण मतं कमी होईनात, म्हणून गप्प बसले. मेजरनं आणखी एक मागणी केली. छपाईआधीचे नमुने आपल्याला घरी पाठवावेत, म्हणजे कथा चित्रांना धरून पुढे नेता येईल. तीही मान्य झाली. आणि मजकूर आखूड होऊ लागला. पूर्वी मेजर प्रत्येक चौकटीत काय दिसावं ते तपशिलानं सांगायचा. आता लिहायचा: ‘नदी. किनारे कसे, ते चित्रकाराने ठरवावं.’

विल्फनं उंच बांध घातलेली, अरुंद, गढूळ नदी काढली.

पुढच्या आठवड्यात: ‘पलीकडे एक शेतघर. लक्षात राहील अशी एखादी खूण असावी. कुठली, ते चित्रकाराने ठरवावं.’

विल्फनं शेतघर काढलं. छपरावर कबुतरखान्याचा बुरूज, आणि बुरुजाचा अर्धा भाग तोफेनं उडालेला.

नाताळनंतर बर्फ पडायला लागलं आणि थांबेचना. त्या हिवाळ्यात नळ फुटले, कोळसा मिळेना, गाड्या रुळांवर गोठून उभ्या राहिल्या. टपाल अडकेल म्हणून मि. टॉलिसनी मला पानं आणायला हर्न बेला पाठवलं. तिथे समुद्र गोठला होता. किनाऱ्यापासून दूरवर पांढरं, वेडंवाकडं, स्तब्ध. लाटांचा आवाज नसलेला समुद्र मी आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला.

आयव्हीनं दार उघडलं आणि आधी बोट ओठांवर ठेवलं. “वर आहे. चिडू नका त्याच्यावर. दोन दिवस जेवला नाहीये.”

विल्फ वरच्या खोलीत टेबलाशी बसला होता. त्यानं पानं दिली. मी बघितलं तर शेतघर वेगळंच. बुरूज नाही, कबुतरखाना नाही, साधं लाल कौलांचं घर.

“अरे, मागच्या पानांत बुरूज होता ना?”

“आता नाही.”

“पोरं पत्रं लिहून जीव घेतील. गेल्या वर्षी एका बटणावरून चाळीस पत्रं आली होती.”

“लिहू देत.” त्यानं मेजरचे सगळे कागद माझ्यापुढे सरकवले. “वाच. एकापाठोपाठ एक वाच.”

मी वाचले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, तसं मी बोललोही.

“हा माणूस तिथं होता,” विल्फ म्हणाला.

“कुठं?”

“तिथं.” त्यानं खिडकीकडे, त्या गोठलेल्या समुद्राकडे तोंड फिरवलं. “आणि त्याला ठाऊक आहे की मीही होतो.”

पुढचा मजकूर आला तो मीच फोडला. पहिलीच ओळ अशी होती: ‘मागच्या पानांवरचं घर चुकीचं आहे. पहिलं घर काढावं.’

 ही कॉमिकमधली सूचना वाटत नव्हती. मी ती विल्फला पाठवली. त्यानं पहिलं घर काढलं. मग पाकिटांमागून पाकिटं आली. ‘निपर जखमी होतो. कुठे, ते चित्रकाराने ठरवावं.’ विल्फनं पोटाला धरून वाकलेला निपर काढला. मि. टॉलिस ओरडले, मी ब्रश घेतला आणि हात पोटावरून दंडावर नेला. ‘सार्जंट त्याला आत नेऊन ठेवतो. घरातली कोणती जागा, ते चित्रकाराने ठरवावं.’ विल्फनं जिन्याखालून उतरणारं तळघर काढलं, दारूची मोठमोठी पिंपं असलेलं.

मध्येच एका सकाळी तो स्वतःच कचेरीत आला. कोटावरचं बर्फ झटकायचंही भान नव्हतं. सरळ मि. टॉलिसच्या खोलीत गेला. दार उघडंच राहिलं, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

“एम. एच. कोण आहे, साहेब?”

“गार्साइड, तुला नियम माहीत आहे.”

“मला फक्त नाव सांगा.”

“नाव सांगतो, मग पत्ता मागशील, मग दोघं मिळून माझ्या उरावर बसाल. तुझं काम चित्र काढणं. काढ.”

“मग दुसऱ्या कुणाला द्या हे काम. मला फुटबॉलची कथा द्या. माकडाची द्या. काहीही द्या.”

“पहिल्या नंबरची कथा? वेड लागलंय का तुला? जा, घरी जा, गरम सूप पी.”

विल्फ बाहेर आला. माझ्या टेबलाशी थांबला. माझ्या ब्रशाकडे बघत राहिला आणि गेला.

त्यानंतरचा मजकूर सगळ्यात आखूड होता. ‘सार्जंट तळघरातून बाहेर पडतो. शेवटची चौकट: दार. दाराशी काय घडतं, ते चित्रकाराने ठरवावं.’

विल्फचं पान आलं. शेवटची चौकट त्यानं एवढी मोठी केली होती की वरच्या सगळ्या चौकटी आक्रसल्या होत्या. तळघराचं दार बाहेरून बंद. त्यावर आडवं रेटलेलं एक पिंप. आणि पिंपावर एक हात, पंजा पसरलेला, जोर लावणारा. सार्जंट हॉबडेचा चेहरा नव्हता, बाहीवरच्या पट्ट्याही नव्हत्या. तो हात मऊ होता, बाईसारखा.

मि. टॉलिसनी पान टेबलावर आपटलं. “आपला सार्जंट आपल्याच जखमी पोराला कोंडतोय? पॅस्को! पिंप काढ. हात कडीवर घे. दार उघडतोय असं दिसू दे. दुपारपर्यंत.”

मी ते केलं. पिंपावर पांढरा रंग फासला, त्यावर दाराच्या फळ्या ओढल्या, हात उचलून कडीवर ठेवला. नमुना काढून मेजरकडे रवाना झाला.

दोन दिवसांनी दुपारी आमच्या जिन्यात रबरी बुटांचा आवाज आला. दारात एक बाई उभी. चाळिशी उलटलेली, तपकिरी कोट, हातात बाजाराची पिशवी, पिशवीतून कोबीचा गड्डा डोकावत होता. मला वाटलं, एखाद्या वाचकाची आई तक्रार घेऊन आली असावी. मि. टॉलिस जेवायला गेले होते.

“फुगे कोण भरतं इथे?” बाईंनी विचारलं.

“मी.”

“मी म्युरिएल हॅकेट.” माझा चेहरा कोराच राहिला तेव्हा त्या म्हणाल्या, “एम. एच.”

मेजरच्या मिशा, लाकडी पाय, कुत्रा, सगळं एका क्षणात गेलं.

त्यांनी पिशवीतून नमुना काढून माझ्यापुढे ठेवला. “हा हात त्यानं काढलेला नाही. तुम्ही काढलाय. अंगठा बघा, लाकडी आहे. मला मूळ पान दाखवा.”

“बाई, तसा नियम...”

“मी सहा वर्षं तुमच्या कंपनीसाठी लढाया लढतेय. मला मूळ पान दाखवा.”

मी कपाटातून पान काढलं. त्यांनी ते उजेडात धरलं. मग रुमाल काढला, त्याचं टोक जिभेनं ओलं केलं आणि माझा पांढरा रंग हळूहळू पुसायला लागल्या. आधी पिंप वर आलं. मग हात. त्या पुसत राहिल्या, सगळं स्वच्छ दिसेपर्यंत. मग रुमालाची घडी करून खिशात ठेवली.

“आम्हाला कळवलं होतं की माझा भाऊ इटलीत जागच्या जागी गेला,” त्या म्हणाल्या. “त्याच्या तुकडीतल्या कॉर्पोरलनं त्याला घरामागच्या तुतीच्या झाडाखाली पुरला. लढाईनंतर सरकारी लोकांनी सगळा मुलूख धुंडाळला. तुतीखाली काही नव्हतं. त्याचं नाव बेपत्ता जवानांच्या स्मारकाच्या भिंतीवर आहे. आई मात्र तुतीचं झाड मनात धरूनच गेली. आणि मग गेल्या जूनमध्ये मी माझाच अंक उघडला, तर त्यात आमचा डगी.” त्यांनी डाव्या भुवईवर बोट ठेवलं. “हे झोक्यावरून पडून झालं होतं. झोका मी दिला होता. मी मजकुरात भुवईबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.”

“म्हणून इटली?”

“म्हणून सगळंच. मी विचारत गेले. तो उत्तर देत गेला.” त्यांनी पिशवी उचलली. “आता त्याचा पत्ता द्या.”

मी पत्ता दिला नाही, स्वतः सोबत गेलो. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्यांना एकटं जाऊ द्यावंसं वाटलं नाही, आणि विल्फलाही त्यांच्यासमोर एकटं सोडावंसं वाटलं नाही. व्हिक्टोरिया स्टेशनहून गाडीत बसलो. डब्यात उष्णता नव्हती. मिस हॅकेट वाटभर कोबी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

आयव्हीनं दार उघडलं. “पॅस्को! या असल्या हवेत? आणि ह्या कोण?”

“ह्या मेजर,” मी म्हणालो.

आयव्ही हसली. ती एकटीच हसली.

जिन्यावरून विल्फ खाली येत होता. बोटांना शाई. अर्ध्या जिन्यात थांबला. त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण मिस हॅकेट बोलायच्या आधी ओठ एका बाजूला वर ओढत, अगदी निपरसारख्या. विल्फनं कठडा धरला.

“तुम्ही म्यू,” तो म्हणाला. “तो तुम्हाला म्यू म्हणायचा.”

“खाली या,” मिस हॅकेट म्हणाल्या. “बसा.”

त्याच्याच घरात त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि तो बसला.

“तुतीचं झाड कुठं होतं?”

“तुतीचं झाडच नव्हतं, बाई.”

मग त्यानं सांगितलं. आवाज सपाट, डोळे टेबलावर. सहा जण नदी ओलांडून त्या घरात शिरले होते. तो कॉर्पोरल, म्हणजे त्या टोळीचा म्होरक्या. डगीला पोटात लागलं. त्याला तळघरात ठेवला. जर्मन शेतातून परत येत होते, आणि डगी ओरडत होता. त्याला थांबवता येईना. विल्फनं बाकीच्यांना नदीकडे पिटाळलं, दार लावलं आणि आवाज दबावा म्हणून दारावर पिंप रेटलं. स्ट्रेचर घेऊन येतो, असं त्यानं डगीला सांगितलं होतं.

“आणि?”

“आलो नाही.”

“जमलं नाही, की आला नाहीत?”

“आलो नाही. जाता आलं असतं. पहाटेपर्यंत वेळ होता. मी बांधाआड बसून राहिलो. सकाळी आमच्याच तोफांनी ते घर पाडलं. मग मी सांगितलं की तो आधीच गेला होता, मी पुरला.”

आयव्ही हातात किटली घेऊन दारात उभी होती. तिनं ती खाली ठेवली. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

“त्याचा आवाज कुठपर्यंत ऐकू येत होता?” मिस हॅकेटनी विचारलं.

“नदीपर्यंत.”

“पिंप लावल्यावरसुद्धा?”

“पिंप लावल्यावरसुद्धा.”

 मला वाटलं आता त्या पोलिसांचं नाव काढतील, किंवा उठून त्याच्या तोंडावर थुंकतील. त्यांनी कोटाची गुंडी लावली.

“पुढच्या अंकात हॉबडे परत जातो आणि निपरला बाहेर काढतो. उद्या मजकूर पाठवते. तुम्ही काढाल.”

“मला नाही जमणार.”

“हात मोडलाय?”

“ते खोटं आहे, बाई.”

“माझ्या आईनं तुमचं खोटं मरेपर्यंत सांभाळलं. आता तुम्ही माझं सांभाळा.”

विल्फनं ते काढलं. हॉबडेच्या पाठीवर निपर, मागे जळतं घर. पोरांनी पोतंभर पत्रं पाठवली आणि मि. टॉलिसनी आम्हाला शेरी पाजली.

पण ते तिथे थांबलं नाही. त्यानंतर मिस हॅकेटच्या प्रत्येक मजकुरात निपर प्रत्येक चौकटीत असायचा. पाठमोरा नाही, टोपी डोळ्यांवर ओढलेला नाही, समोरून, उजेडात. आठवड्यामागून आठवडे विल्फ तोच चेहरा काढत राहिला. आयव्ही मला सांगायची की गुरुवारी पाकीट येताना तो दाराशी उभा असतो आणि पाकीट आल्यावर उलटी करतो. कोपऱ्यात सही दडवणं त्यानं बंद केलं. लंडनला येणंही. बर्फ वितळलं, उन्हाळे आले, पण त्या घरातला हिवाळा हलला नाही.

मी एकदा मिस हॅकेटना म्हणालो, “पुरे करा आता. माणूस मरेल.”

“मी त्याला शिक्षा देतेय असं वाटतं तुम्हाला?”

“मग काय करताय?”

“दर सोमवारी मला डगी बघायला मिळतो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सोडलं असतं?”

काही वर्षांनी त्यांच्या मजकुरात एक नवी ओळ आली: ‘निपर आता तेवीस वर्षांचा दिसावा.’ मि. टॉलिस चक्रावले. कॉमिकमध्ये कुणाचं वय वाढत नाही. पण विल्फनं काही न विचारता गाल जरा भरले, डोळ्यांखाली एक रेघ दिली. पुढे बारीक मिशी आली.

१९६९ साली पहिल्या पानावर छापलं गेलं, ‘मित्रांनो, आत खुशखबर!’ या धंद्यातल्या माणसाला ते शब्द वाचून थंड घाम फुटतो. खुशखबर म्हणजे तुमचं साप्ताहिक दुसऱ्यात मिसळणार, दोन-तीन कथा तगणार आणि बाकीच्या सोमवारपासून नाहीत. हॉबडेचे पाच तगले नाहीत. शेवटच्या चौकटीत लढाई संपली आणि पाचही जण जहाजावरून हात हलवत घरी निघाले. मि. टॉलिस निवृत्त झाले, मला मुलींच्या साप्ताहिकात बसवलं. विल्फ सुटला, असं मी समजलो.

पुढच्या मे महिन्यात मिस हॅकेट हर्न बेला गेल्या आणि त्याला म्हणाल्या, “मला जागा दाखवा.” आयव्ही धरून तिघं इटलीला गेले. आयव्हीनं नंतर सांगितलं ते असं. नदी सापडली, बांध सापडले. पण घरं सगळी नवी, सपाट केलेल्या जमिनीवर पीचच्या बागा. विल्फ एका बागेत जाऊन म्हणाला, इथं. मग थोड्या वेळानं दुसरीकडे जाऊन म्हणाला, नाही, इथं. दुसऱ्या दिवशी तिसरीकडे. शेवटी बांधावर बसला आणि रडायला लागला.

“मी ते घर इतक्या वेळा काढलंय,” तो म्हणाला, “की आता मला फक्त कागदावरचंच दिसतं.”

मिस हॅकेटनी तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलं. कुणाला काही आठवत नव्हतं, किंवा कुणाला आठवायचं नव्हतं. त्या एकट्याच आगगाडीनं परत आल्या.

त्या उन्हाळ्यात हर्न बेच्या दारात पुन्हा मिस हॅकेटचं पाकीट पडलं. गुरुवारी. आयव्ही ते चुलीत घालणार होती, विल्फनं तिच्या हातातून घेतलं. ज्याला छापणारं कुणी नव्हतं, असा मजकूर होता तो. निपर लढाईहून घरी येतो. पुढच्या आठवड्यात, निपर गोदीत नोकरीला लागतो.

हे मला कळलं ते फार उशिरा, विल्फच्या फुप्फुसाचं दुखणं वाढल्यावर आयव्हीनं बोलावून घेतलं तेव्हा. वरच्या खोलीत पानांच्या चळती होत्या. निपर बसच्या रांगेत. निपर चर्चच्या पायरीवर, नवरदेव. निपर टक्कल पडू लागलेला, तान्ही मुलगी खांद्यावर. डाव्या भुवईचे दोन तुकडे सगळीकडे. एवढं जिवंत काम त्यानं रॅम्पार्टसाठी कधीच केलं नव्हतं. विल्फ उशांना टेकून बसला होता, श्वास घेताना छाती शिट्टी वाजवत होती.

“सगळी तिलाच पाठवायची आहेत,” तो म्हणाला. “पण फुगे रिकामे आहेत, पॅस्को. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.”

“त्यांनी सांगितलंय का फुगे भरायला?”

“नाही. तिनं कधी मागितलं नाही. ती येऊन फक्त चेहरा बघते.”

मी पेन घेतलं आणि वरचं पान पुढे ओढलं. स्वयंपाकघर, टेबल, निपर आणि समोर त्याची बहीण. मिस हॅकेटचा मजकूर शेजारीच होता. त्यात निपर म्हणतो, ‘म्यू, चहात साखर घातलीस का गं?’

मी ते लिहिलं. खालून आयव्ही विचारत होती, जेवायला थांबणार का. मी हो म्हणालो आणि दुसरं पान घेतलं. फेब्रुवारीत विल्फ गेला. पानं मिस हॅकेट टॅक्सी करून घेऊन गेल्या, अंत्यविधीला थांबल्या नाहीत.